न्यू ॲल्डरस्टोकला किती घरं आली?

यंदा मीठ लवकर आणावं लागलं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, शनिवार सकाळ, बाहेर उणे सहा. चाळीस-चाळीस पौंडांच्या चार पिशव्या गाडीतून उतरवून गॅरेजच्या भिंतीला लावल्या. पाचवी घेतली नाही. गेल्या वर्षी अर्धी उरली होती. एक पिशवी फोडली, पायऱ्यांवरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ पसरलं आणि नेहमीप्रमाणे मागे वळून पाहिलं. मीठ पायाखाली टाकतो म्हणून रागावणारं आता दारात कोणी नसतं, हे मला माहीत आहे. तरी मान वळते.

तीन हिवाळ्यांपूर्वी आई इथं होती. अठरा ऑक्टोबरला आली, एकोणतीस मार्चला गेली. एकशे बासष्ट दिवस. त्यांतले बर्फाचे किती हे मी तेव्हा मोजलं नाही, पण आठवताना सगळेच बर्फाचे वाटतात. खिडकीबाहेरचा पांढरा उजेड, सकाळी आठला आणि दुपारी तीनला अगदी सारखा. हीटर सुरू होताना भिंतीतून येणारा हुंकार. दोन स्वेटरांवर घेतलेल्या तिच्या शालीचा डांबराच्या गोळ्यांचा वास. "इथं दिवस उगवत नाही रे, नुसता उजेड पडतो," ती म्हणायची. मी तिला सूर्योदयाची वेळ सांगायचो. ती मान हलवायची.

आमची वसाहत नेपरव्हिलच्या पश्चिम टोकाला आहे, शिकागोला जाणाऱ्या गाडीच्या स्टेशनपासून चार मैलांवर. दोनशे बारा घरं, नमुने तीन. घर घेतलं तेव्हा मी शाळा, कर, छपराचं वय आणि तळघरातली ओल एवढं तपासलं. नाव तपासलं नाही. प्रवेशावर एक मोठा दगड आहे आणि त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, न्यू ॲल्डरस्टोक. अकरा वर्षं रोज त्याच्यासमोरून गाडी वळवली, पण दगड वाचला तो आईनं, आल्यानंतर तिसऱ्या दिवशी. टोपी सावरत ती एकेक अक्षर लावत होती.

"न्यू म्हणजे नवीन ना रे?"

"हो."

"मग जुनं कुठंय?"

"असेल इंग्लंडमध्ये कुठंतरी."

"पाण्याखाली गेलं का?"

मी हसलो. ती हसली नाही.

हसायला नको होतं, हे मला इतर कोणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं. आमचं कासारशेत नदीकाठी होतं. धरण झालं तेव्हा मी सात वर्षांचा. गावात अठ्ठेचाळीस घरं. त्यांतल्या एकोणीस घरांना सव्वाशे किलोमीटरवर माळावर जमीन मिळाली, सतरा दुसऱ्याच तालुक्यात गेली आणि बारा मुंबईला भाऊबंदांकडे. माळावरच्या एकोणीस घरांपुढं सरकारी पाटी लागली : नवीन कासारशेत.

आई गावची पोस्टमास्तर होती. पडवीत एक टेबल, तराजू, लाखेची कांडी आणि तारखेचा शिक्का, एवढंच ते शाखा डाकघर. गावाबरोबर तेही माळावर गेलं. जुन्या पत्त्याची पत्रं पुढं कित्येक वर्षं येत राहिली. आई लाल शाईनं नावाआधी 'नवीन' लिहायची, तालुका खोडून नवा घालायची. जी घरं दुसरीकडं गेली त्यांची पत्रं तिकडं वळवायची. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरांचे पत्ते तिला पाठ होते. माणूस वारलेला असेल तर पाकिटावर 'मालक मयत' असे दोन शब्द लिहून ते पाठवणाऱ्याकडं परत जायचं. पण पत्र आमच्याकडं पडून राहिलं, असं कधी झालं नाही. "दुसऱ्याचं पत्र एक दिवससुद्धा घरात ठेवायचं नाही," हे तिनं मला पाढ्यांच्याही आधी शिकवलं.

तेव्हा 'नवीन' या शब्दाचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. नवीन म्हणजे जुनं बुडालं, माणसं उठवली गेली, वाटली गेली, आणि नाव तेवढं डोक्यावर घेऊन आली.

दगड वाचल्यानंतरच्या रविवारी तिनं शेजारच्या बॉबला गाठलं. बॉब ऐंशीच्या घरातला, वसाहतीत सगळ्यांत आधी राहायला आलेला. तो दंताळ्यानं वाळलेली पानं ओढत होता. आई माझ्या मुलीला, ईराला, दुभाषी म्हणून घेऊन गेली. ईरा तेव्हा बारा वर्षांची.

"विचार त्यांना, तुमच्याबरोबर किती घरं आली?"

"आज्जी, दॅट्स सो वीअर्ड!"

"वीअर्ड तर वीअर्ड. विचार."

ईरानं विचारलं. बॉबनं दंताळं टेकवलं, बराच विचार केला आणि म्हणाला, "जस्ट मी अँड द वाइफ. फ्रॉम ओहायो."

"एकच घर?" आईचा चेहरा उतरला. "ओहायो कुठल्या तालुक्यात आलं?"

संक्रांतीला बॉबकडं तिळाच्या लाडवांचा डबा गेला. बाकी कोणा शेजाऱ्याकडं गेला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "सगळ्या गावातनं एकटं घर आलंय त्यांचं. बोलायला तरी कोण असणार?" बॉब अजून मला लाडवांची आठवण करून देतो. बोलायला त्याला खरंच कोणी नाही. बायको आई यायच्या आदल्याच वर्षी वारलेली, मुलगा टेक्सासला. हा निष्कर्ष आईनं चुकीच्या आधारावर काढला होता, पण निष्कर्ष बरोबर होता. माझ्या कामात असं झालं की मला अस्वस्थ वाटतं. मी विमा कंपनीत जोखमीचे आकडे काढतो.

मला आईची चूक दुरुस्त करायची होती. चूक दिसली की मला राहवत नाही. मी कॉम्प्युटरवर बसलो आणि ॲल्डरस्टोक शोधून काढलं. इंग्लंडच्या दक्षिणेकडं, खडूच्या बुटक्या टेकड्यांमध्ये, एका ओढ्याच्या काठी. सर्वांत जवळचं बाजाराचं गाव चार मैल. ॲल्डर हे पाणथळ जागी वाढणारं झाड, स्टोक म्हणजे वस्ती. जमीनमोजणीच्या फार जुन्या दप्तरात गावाची नोंद आहे : एक गिरणी, एक कुरण, आठ नांगर. मग शतकानुशतकं मेंढ्या, लोकर, साथीचे रोग. आता घरं बावीस. शाळा बंद, दुकान बंद, पोस्ट बंद. पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती : जुनं चर्च वस्तीपासून दूर, शेतात एकटं उभं आहे. तिच्यात आकडा नव्हता. मी ती वाचली आणि पुढं गेलो.

पान छापलं आणि आईपुढं ठेवलं. सांगितलं की गाव बुडालेलं नाही, जागेवर आहे. तिथून इथं कोणीही आलेलं नाही. इथं मक्याची शेतं होती. बिल्डरला ऐटदार इंग्लिश नाव हवं होतं, त्यानं नकाशातून उचललं. ॲल्डरचं एक झाडसुद्धा इथं नाही.

ती चष्मा लावून त्या पानावरचं चित्र बघत राहिली. ओढा, त्यावरचा पूल, मागं टेकडीवर घरं.

"घरं एवढी वर का बांधली रे? ओढा खाली असताना?"

"पूर येत असेल."

"गिरणी खाली आणि घरं वर?" ती म्हणाली. "उठवलेलं गाव दिसतंय."

"आई, एवढं कुठं लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नसतंच. आपलं तरी कुठं लिहिलंय?" आणि मग, "विचारून बघू या त्यांना."

जानेवारीत तिनं पत्र लिहायला घेतलं. ती मराठीत सांगायची आणि ईरा इंग्रजीत उतरवायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शाळेतून आल्यानंतर, चार दिवस. मी डोकावलो तर ईरानं कागदावर हात ठेवला. "बाबा, इट्स प्रायव्हेट." पाकीट आईनं भाताच्या शितांनी चिकटवलं आणि वर आपल्या हातानं पत्ता घातला : पोस्टमास्तर, मुक्काम पोस्ट ॲल्डरस्टोक, खाली त्या बाजाराच्या गावाचं आणि इंग्लंडचं नाव. सगळं इंग्रजीत, एकाखाली एक, शिक्क्यावरच्यासारख्या ठसठशीत अक्षरांत.

"तिथं पोस्ट बंद झालंय," मी म्हणालो. "पोस्टमास्तर कुठला?"

"पोस्ट नसलं तरी पोस्टमन असतो. तो बघेल." तिनं पाकीट माझ्या हातावर ठेवलं. "उद्या ऑफिसला जाताना टाक."

मी ते टाकलं नाही.

कारणं होती. जे पोस्टच नाही त्याच्या पोस्टमास्तरला पत्र. ते परत येणार, नाहीतर हरवणार. पोचलंच तर तिथलं कोणीतरी वाचून हसणार. माझ्या आईला परक्या माणसानं हसावं, ही कल्पना मला सहन होत नव्हती. मी स्वतः हसलो होतो ते चाललं. पाकीट आठवडाभर गाडीत राहिलं, मग अभ्यासिकेच्या खणात, पासपोर्टांच्या खाली. विचारलं तेव्हा "टाकलं" म्हणालो. एकच शब्द. पुढचे अडीच महिने त्या शब्दावर ती रोज दुपारी दोन वाजता बूट चढवत होती.

आमच्याकडं टपालाची पेटी रस्त्याच्या कडेला असते. दारापासून एकतीस पावलं. तिची पावलं बारीक, तिला त्रेचाळीस लागायची. मीठ टाकलेल्या वाटेनं, जपून. टपालाची गाडी चालवणारी एक बाई होती. आईला तिचं फार अप्रूप. "बायकोमाणूस बघ, एवढ्या बर्फात. आपल्यातली आहे." ती बाई काच खाली करून मान हलवायची. आई रिकामी पेटी उघडून आत बघायची, लावायची, आणि परत फिरायची. घरून काम करायच्या दिवशी मी वरच्या खिडकीतून हे पाहिलं आहे. एकदाच नाही. पाकीट तेव्हा माझ्यापासून दोन फुटांवरच्या खणात होतं.

"जायला दहा दिवस," आई बोटं मोजायची. "त्यांना माणूस शोधायला आठ. लिहायला चार. यायला दहा. आता येईल." मला त्या हिशोबात चूक काढता येत नव्हती.

त्या हिवाळ्यात ती देवाबद्दल दोनदाच बोलली, दोन्ही वेळा बाहेर जोराचं बर्फ पडत असताना. कासारशेताचा भैरोबा म्हणजे जमिनीत अर्धा रुतलेला दगड. गाव उठायच्या आधी महिनाभर वाद चालला होता. काहींचं म्हणणं, देव बरोबर न्यायचा. काहींचं, देव जागचा हलवायचा नसतो, पाणी आलं तर तो पाण्यात राहील. निघायच्या दिवशी उजाडता-उजाडता, कोणी जमायच्या आत, वडिलांनी एकट्यानं पहारेनं तो उचकटला, असं गावात सांगतात. ट्रकमध्ये गोणपाटावर ठेवून देव नवीन कासारशेतात आला. दहाव्या महिन्यात वडील काविळीनं गेले. लोक आईच्या तोंडावर काही बोलले नाहीत, पण पत्र न्यायला आले की पडवीच्या पायरीवरूनच हात पुढं करायचे. कित्येक वर्षं.

"एवढ्या लांब येणारी माणसं देवाचं काय करत असतील रे?" तिनं मला विचारलं होतं. मी लॅपटॉपवर होतो. "इथं सगळ्यांसाठी मंदिर आहे ना आई, ऑरोराला. वीस मिनिटं." ती म्हणाली, "ते ठाऊक आहे."

मार्चमध्ये बर्फ काळं पडतं. रस्त्याच्या कडेला मातकट ढीग, त्यातून वर आलेलं मेलेलं गवत. तिची जायची तारीख जवळ आली होती. त्या आठवड्यात माझी बायको मेधा पार्सल टाकायला पोस्टात गेली आणि आईला बरोबर घेऊन गेली. येऊन म्हणाली, "अर्धा तास तिकिटंच बघत होत्या. काउंटरवरची बाई इंग्रजीत, ह्या मराठीत. दोघींचं मस्त जमलं."

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. वर न बघता तिनं विचारलं, "तू त्या पत्राला तिकीट कुठलं लावलंस?"

मला घरातली प्रत्येक गोष्ट आकड्यासकट आठवते. पेट्रोल कधी भरलं, गाडीचं तेल किती मैलांवर बदललं. सगळे मला त्यावरून चिडवतात. त्या क्षणी मात्र नेहमी वापरतो ते डोळ्यांपुढं आलं. "झेंड्याचं," मी म्हणालो.

"हं," आई म्हणाली.

परदेशी जाणाऱ्या पत्राचं तिकीट इथं गोल असतं. मला ते माहीत नव्हतं. तिला त्या दुपारी कळलं होतं.

ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता खुर्चीतून उठली नाही, एवढंच. त्यानंतर एकदाही पेटीकडं गेली नाही. विमानतळावर व्हीलचेअरवरून तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मीठ जरा कमी टाकत जा." पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली, माझ्या भावाकडं, झोपेत. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. फोनवर त्या दीड वर्षात तिनं पत्राचा विषय काढला नाही. मीही नाही. खणातून ते काढून टाकावं, असं एकदोनदा मनात आलं. सरळ पोस्टात टाकावं, असं मनात यायला यंदाचा ऑक्टोबर उजाडावा लागला. पासपोर्ट शोधताना पाकीट हाताला लागलं. शितं वाळून कडक झाली होती, पण एकही बाजू सुटली नव्हती. उघडलं नाही, ते माझं नव्हतं. पोस्टात जाऊन गोल तिकीट घेतलं, लावलं आणि टाकलं. परत येताना गाडीत दोनदा हात खिशात घालून पाहिला.

मीठ आणलं त्याच शनिवारी उत्तर आलं. पाकिटावर आईचं नाव आणि खाली न्यू ॲल्डरस्टोक. त्यातल्या 'न्यू'खाली कोणीतरी शाईनं बारीक रेघ ओढलेली. मी पायऱ्यांवरच उभा राहून फोडलं. ईरा मागून वाचत होती. ती आता पंधराची आहे, माझ्या खांद्यावरून तिला दिसतं.

लिहिणारी बाई एक्याऐंशी वर्षांची. पोस्टमननं पत्र तिच्याकडं दिलं, कारण पोस्ट बंद झालं तेव्हा ते तिच्याच पुढच्या खोलीत होतं. तिनं लिहिलं होतं :

'तुमच्या गावाबद्दलचं मी दोनदा वाचलं. आमच्यातलं कोणी अमेरिकेला गेल्याचं मला माहीत नाही. पण तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. आमचं गाव पूर्वी खाली ओढ्याकाठी होतं. जमीनदाराला खिडकीतून पाणी दिसावं म्हणून त्यानं सगळी घरं पाडून वर टेकडीवर बांधली. तुम्ही विचारता, देव नेला की ठेवला. ठेवला. चर्च खालीच आहे. थडगी कोण हलवणार? तेव्हापासून दर रविवारी आम्ही अर्धा मैल चिखलातून खाली जातो, आणि आमच्यातलं कोणी ना कोणी दर रविवारी म्हणतं की तेव्हाच वर आणायला हवं होतं. तेव्हा ते चुकलं की बरोबर होतं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. न हलवणारेही सुखात नाहीत, एवढं सांगू शकते. तुमच्या यजमानांनी एवढा मोठा दगड एकट्यानं कसा उचलला, ते मात्र मला कळवा. लवकर कळवा, माझं वय तुम्हाला सांगितलंच आहे.'

"बाबा," ईरा म्हणाली, "आज्जीला हेच हवं होतं. दॅट वॉज द होल लेटर. देवाचंच विचारलं होतं तिनं." आणि मग, "तुम्ही कधी टाकलंत?"

मी मिठाची पिशवी दुमडून ठेवली. दोनदा दुमडली.

आईच्या नियमानं या पाकिटावर दोन शब्द लिहून ते परत पाठवायला हवं. पण त्या बाईनं प्रश्न विचारला आहे, आणि त्याचं उत्तर माहीत असलेला माणूस आता मी एकटाच आहे. मी सात वर्षांचा होतो, हळदीकुंकवाचं ताट धरून उभा होतो. वडिलांनी दगडाखाली पहार घातली, जोर लावला, दगड हलला नाही. तेव्हा आईनं पदर खोचला आणि वडिलांच्या हातांशेजारी आपले हात ठेवले. मग हलला. पुढं गावानं वडिलांचं नाव घेतलं, आणि तिनं ते तसंच राहू दिलं. या पत्रातसुद्धा.

टेबलावर कागद घेऊन बसलो आहे. बाहेर बर्फ पडतंय, पेटीपर्यंतची वाट पुन्हा झाकली गेली. शेजारी गोल तिकीट काढून ठेवलंय. दोन वाक्यं लिहून झाली. पहिलं, माझे वडील एकटे नव्हते, पहारेवर आईचेही हात होते. दुसरं, ती आता नाही. तिसऱ्या वाक्यात सांगायचंय की तिचं पत्र मी किती दिवस अडवून ठेवलं. आकडा मला पाठ आहे. तो लिहायचा राहिला आहे.